चिमणीचें घर

प्रत्येक मराठी घरांत मुलाला घांस भरवितांना जी गोष्ट सांगण्यांत येते, तींत घर बांधण्याचें श्रेय चिमणीकडे जातें. तिचें घर मेणाचें, कावळ्याचें शेणाचें. पाऊस येतो, शेणाचें घर वाहून जातें आणि भिजलेला कावळा चिमणीच्या दाराशीं येऊन उभा राहतो. आपणांपैकीं प्रत्येकानें ही गोष्ट ऐकली आहे व पुढें सांगितलीही आहे. परंतु खरी चिमणी भिंती व छप्पर सहसा स्वतः उभारीत नाहीं. दुसऱ्या कोणीं मागें ठेवलेली पोकळी तिला लागते, व तींत ती केवळ अंथरूण घालते, ही गोष्ट आमच्या ध्यानांत येण्यास मात्र आमचें स्वतःचें राहतें घर पडावें लागलें.

आमचा पुण्यांतील जुना वाडा पाडून त्या जागीं इमारत उभी राहिली, त्यास आतां बरींच वर्षें झालीं. वाड्यांत चिमण्यांस कोणीं आमंत्रण दिलें नव्हतें. कडीपाटाच्या तुळया जेथें भिंतींत शिरत तेथें चार बोटें फट असे. माजघरांतील तसबिरी वरच्या बाजूनें पुढें झुकवून टांगलेल्या असत, त्यामुळें त्यांच्या पाठीमागें आपोआप एक त्रिकोणी खोली तयार होई. आणि ओसरीवर कौलांची वळचण तर होतीच. ह्या जागा आमच्या आजीच्या लग्नापूर्वींपासून चिमण्यांच्या वहिवाटीच्या होत्या. पणजोबांच्या तसबिरीमागें अंडीं असेपर्यंत ती तसबीर पुसावयाची नाहीं, असा आजीचा दंडक असे. एका वर्षीं तर दिवाळीच्या झाडलोटींतही पणजोबा तसेच धुळीनें माखलेले राहिले, व त्याबद्दल घरांत कोणासही वाईट वाटलें नाहीं.

नवीन इमारतींत आमच्या कुटुंबास दुसऱ्या मजल्यावर एकमेकांस लागून असलेलीं दोन बिऱ्हाडें मिळालीं. भिंती गुळगुळीत, छत सपाट, खिडक्यांस सरकत्या कांचा व डांसांची जाळी. गैरसोय म्हणून कांहीं नाहीं. परंतु पहिल्याच उन्हाळ्यांत आत्याबाई गॅलरींत तांदूळ निवडावयास बसल्या, आणि तास झाला तरी परातीजवळ एकही चिमणी उतरली नाहीं, तेव्हां त्या म्हणाल्या, "घर झालें खरें; पण ह्यांत राहावयास आपणच तेवढे आलों."

चिमण्या नाहींशा झाल्या अशी ओरड हल्लीं सर्वत्र ऐकूं येते, व मोबाईलच्या मनोऱ्यांवर दोष ठेवून लोक मोकळे होतात. ह्या बाबतींत जी माहिती उपलब्ध आहे ती थोडी निराळी आहे. देशभरांतील पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२० सालीं भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यावरून असें दिसलें कीं, देशाचा एकंदर विचार करतां चिमणीची संख्या पंचवीसएक वर्षांत जवळजवळ स्थिर राहिली. घट आढळली ती मोठ्या शहरांत. मनोऱ्यांवरील आरोप सिद्ध झालेला नाहीं. घरट्यांच्या जागांचा आणि पिलांस लागणाऱ्या किड्यांचा तुटवडा, हीं कारणें अधिक संभवनीय मानलीं जातात. चिमणी दाणे टिपते हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचीं पिलें पहिले कांहीं दिवस मुख्यतः किडे व अळ्या ह्यांवरच वाढतात, हें फारसें कोणाच्या लक्षांत नसतें.

नाशिकचे मोहम्मद दिलावर ह्यांच्या खटपटीनें २० मार्च हा दिवस २०१० सालापासून 'जागतिक चिमणी दिन' म्हणून पाळला जाऊं लागला, व त्या निमित्तानें लांकडी घरटीं वाटण्याची चाल पडली. चाल चांगली आहे. मात्र वाटलेल्या पेट्यांपैकीं किती टांगल्या जातात, आणि टांगलेल्यांपैकीं किती योग्य जागीं लागतात, हें न विचारलेलें बरें. आम्ही हें दुसऱ्यांस नांवें ठेवण्यासाठीं लिहीत नाहीं. आमची स्वतःची पहिली पेटी कशी होती तें आतां सांगतों.

सुतारकामाचा आमचा अनुभव म्हणाल तर, भिंतींत खुंटी ठोकणें आणि ती गिलाव्यासकट हातांत येणें, एवढाच होता. बाजारांत शोभेचीं घरटीं मिळतात, त्यांपैकीं एकाचें चित्र आम्हीं पुढें ठेवलें, व मार्गशीर्षांतील दोन रविवार खर्चून तशी पेटी तयार केली. भिंती प्लायवुडच्या उरलेल्या तुकड्यांच्या. छपरास चकचकीत पत्रा. दर्शनी बाजूस चांगलें अडीच इंच व्यासाचें भोंक. पाखरानें टेकावें म्हणून भोंकाखालीं पेन्सिलीएवढी दांडी. आणि सर्वांवर आंतून-बाहेरून तांबडा व हिरवा तेलरंग. छप्पर चारही बाजूंनीं खिळे ठोकून पक्कें केलें. बैठकीच्या खोलींत बसल्या जागेवरून दिसावी म्हणून पेटी पश्चिमेकडील गॅलरींत लावली. आल्यागेल्या पाहुण्यांनीं तिची प्रशंसा केली. आमचे वडील बंधू तेवढे म्हणाले, "अरे, ही पेटी आपल्याला पाहावयास केली आहेस कीं चिमणीला राहावयास?" दादांचा हा प्रश्न आम्हीं थट्टेवारी नेला.

फाल्गुनांत एक जोडी आली. गळ्याखालीं काळा पट्टा असलेला चिमणा प्रथम भोंकाशीं बसून दिवसभर ओरडत राहिला. चौथ्या दिवशीं चिमणी आंत जाऊन पाहून आली. आणि मग काड्या वाहण्याची घाई सुरू झाली. धाकट्या बंधूंची दहा वर्षांची मुलगी जुन्या वहींत रोज नोंद ठेवूं लागली. अंडीं उबविण्यास बारा-तेरा दिवस लागतात, पिलें उडून जाण्यास पुढें आणखी पंधरवडा, हा हिशेब तिनें पुस्तकांतून काढून वहीच्या मलपृष्ठावर लिहिला होता. वैशाख लागला तसा आंतून बारीक चिवचिवाट ऐकूं येऊं लागला. घरांतील सर्वांचें पाऊल त्या गॅलरींत हलकें पडूं लागलें.

त्या आठवड्यांत ऊन फार कडक पडलें होतें. एका दुपारीं आंतला आवाज थांबला. पिलें निजलीं असतील असें आम्हांस वाटलें. चार वाजण्याच्या सुमारास आत्याबाईंनीं हांक मारली. चिमणा चोंचींत हिरवी अळी धरून दांडीवर बसला होता. तो भोंकांत डोकें घाली, बाहेर काढी, पुन्हां घाली. अळी तशीच चोंचींत. आत्याबाई म्हणाल्या, अर्धा तास झाला, ह्याचें असेंच चाललें आहे. पेटी उघडून पाहावी, तर तिला उघडावयास दारच नव्हतें. पकडीनें छपराचे खिळे उपटूं लागलों, तेव्हां पत्र्याला हात लावतां येईना, इतका तो तापला होता. आंत तीन पिलें होतीं. तिन्ही मेलेलीं होतीं. चोंची उघड्या होत्या, आणि पंखांवर नुकतीं कोठें पिसें फुटूं लागलीं होतीं.

रात्रीं पानावर बसल्यावर मुलीनें विचारलें, "आपण पेटी टांगलीच नसती, तर तीं दुसरीकडे कुठें गेलीं असतीं ना?" आमच्यापैकीं कोणीं उत्तर दिलें नाहीं. उत्तर 'होय' असेंच होतें.

पुढें महिनाभर हा विषय घरांत निघाला नाहीं. वही कोठें ठेवली होती तेंही आम्हीं विचारलें नाहीं. मग एके दिवशीं दादांनीं तिला सालिम अलींची हकीकत सांगितली. लहानपणीं त्यांनीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तेव्हां ही कोणती जात, हें विचारावयास ते १९०८ सालीं मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले. तेथील चिटणीस मिलार्ड ह्यांनीं ती जात ओळखून दिलीच, शिवाय कपाटांतील पेंढा भरलेले पक्षीही त्या मुलास दाखविले. जन्मभराचा व्यासंग तेथून सुरू झाला. १९८५ सालीं आत्मचरित्र प्रसिद्ध झालें, तेव्हां त्याच्या नांवांतही त्या पडलेल्या चिमणीस जागा मिळाली. मुलीनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग आपल्या पेटींत काय चुकलें, तें कोण सांगेल?"

तें अर्धें पुस्तकांनीं सांगितलें व अर्धें आमच्या गल्लींतील एका म्हाताऱ्या मिस्त्रींनीं. मोडलेली पेटी हातांत फिरवून पाहून ते म्हणाले, "साहेब, हें घर नाहीं, ही भट्टी आहे." पत्रा तापतो हें सांगावयास कोणी शास्त्रज्ञ नको; परंतु आंतली तापलेली हवा निघून जाण्यास छपराखालीं फटही आम्हीं ठेवलेली नव्हती, आणि प्लायवुडच्या पातळ भिंतींना उन्हाचा अटकाव होत नाहीं. शिवाय पेटीचें तोंड पश्चिमेस, म्हणजे दुपारपासून मावळतीपर्यंत सरळ ऊन. प्लायवुड पावसांत फुगतें, त्याचे पदर सुटतात. त्याच्या सरसाचा व तेलरंगाचा उग्र वास कोंडलेल्या जागेंत पिलांस सोसणारा नव्हे. अडीच इंची भोंकांतून साळुंकी आरामांत आंत जाते व कावळ्याची चोंच पिलांपर्यंत पोंचते. राहतां राहिली ती दांडी. चिमणीला तिची मुळींच गरज नसते, ती भोंकाच्या कडेलाच पाय रोवून आंत शिरते; दांडीचा उपयोग होतो तो कावळ्याला बसावयास. चित्रांत मात्र दांडीशिवाय घरटें दिसत नाहीं!

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. लांकडी पेटी ही सर्व पाखरांच्या उपयोगाची नाहीं. जीं पाखरें झाडाच्या ढोलींत किंवा भिंतीच्या बिळांत घरटें करतात तींच तींत येतात. आमच्याकडे चिमणी, साळुंकी व दयाळ हीं त्यांपैकीं मुख्य. बुलबुल उघड्या वाटीसारखें घरटें फांद्यांच्या बेचक्यांत बांधतो, शिंपी पानें शिवतो, सुगरण आपला झोपाळा स्वतः विणते. त्यांना पेटी दाखवून उपयोग नाहीं. दयाळासाठीं भोंक दोन इंच किंवा थोडें अधिक लागतें. चिमणीसाठीं सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर. त्याहून मोठें करूं नये. ह्या एका मापावर पेटी कोणाची होणार हें ठरतें.

आतां दुसरी पेटी. तिच्यासाठीं लांकूड विकत आणावें लागलें नाहीं. वाडा पाडला तेव्हां कडीपाटाच्या कांहीं सागवानी फळ्या दादांनीं नवीन घराच्या माळ्यावर टाकून ठेवल्या होत्या. त्यांवरून घरांत अधूनमधून कुरकूरही होई. त्यांतील एक फळी काढली. ज्यांच्याकडे असें जुनें सागवान नाहीं त्यांनीं देवदारी खोक्याच्या फळ्या घ्याव्या. त्या मऊ असल्यामुळें नवशिक्याच्या करवतीस सोईच्या पडतात. फक्त परदेशी मालाच्या खोक्यांवरचा शिक्का पाहावा. 'एच. टी.' अशीं अक्षरें असतील तर लांकूड केवळ उष्णता देऊन शुद्ध केलेलें असतें, 'एम. बी.' असेल तर त्यास मिथाइल ब्रोमाइड ह्या विषारी वायूची धुरी दिलेली असते, तें घेऊं नये. आंब्याचें लांकूड स्वस्त मिळतें, पण तें लवकर किडतें.

हत्यारें फार लागत नाहींत. करवत, हातोडी, काटकोन पाहण्यास गुण्या, भोंकें पाडण्यास गिरमिट किंवा विजेचें ड्रिल, अर्धगोल कानस व थोडा पॉलिशपेपर. रंधा नसला तरी चालतो. किंबहुना आंतल्या बाजूस रंधा मारूंच नये. गुळगुळीत भिंतीवरून पिलांस वर भोंकापर्यंत चढतां येत नाहीं. मिस्त्रींनीं तर दर्शनी फळीच्या आंतल्या अंगास करवतीच्या दांत्यांनीं आडव्या रेघा ओढून दिल्या, पाय रोवावयास.

मापें अशीं. फळी सहा इंच रुंद व सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, जाड असावी. इंचाचे आठ सूत हा हिशेब सुतारांकडे अद्याप चालतो व नवशिक्यानें तो शिकून घेण्यासारखा आहे. सव्वाचार फूट लांबीच्या एकाच फळींतून छपराखेरीज सर्व भाग निघतात. पाठीमागची फळी १३ इंच. ती पेटीच्या वर व खालीं दीड-दीड इंच जास्त राहते आणि तेथेंच टांगण्याचे स्क्रू बसतात. दोन्ही बाजूंच्या फळ्या प्रत्येकीं १० इंच. परंतु त्यांचा माथा तिरपा कापावयाचा, म्हणजे मागची कड १० इंच राहून पुढची साडेआठ इंच होते. दर्शनी फळी ८ इंच. तळाचा तुकडा ६ इंच लांब व साडेचार इंच रुंद. छपराला मात्र ८ इंच रुंद व ९ इंच लांब असा निराळा तुकडा घ्यावा, म्हणजे तें पुढें दोन इंच व दोन्ही अंगांस एकेक इंच बाहेर येऊन पावसाचें पाणी पेटीपासून दूर टाकतें.

सर्व मापें फळीवर एकदम आंखून मग कापावयास घेऊं नये. आम्हीं तसेंच केलें होतें. करवतीचें पातें दर वेळीं जवळजवळ सूतभर लांकूड खातें, व शेवटचा तुकडा हटकून आंखूड निघतो. एक तुकडा कापावा, मग पुढच्याचें माप घ्यावें. बाजूच्या दोन फळ्या एकमेकींवर ठेवून, खिळ्यानें तात्पुरत्या जखडून, तिरपा काप दोन्हींवर एकदमच घेतला म्हणजे त्या सारख्या उतरतात.

भोंकाचा मध्य दर्शनी फळीच्या वरच्या कडेपासून दीड इंचावर धरावा. तेणेंकरून भोंकाची खालची कड आंतल्या तळापासून जवळजवळ पांच इंच उंच राहते, आणि कावळ्याची किंवा मांजराची पोंच तितकी कमी होते. सव्वा इंची गोल पातें मिळालें तर काम एका क्षणाचें आहे. आमच्याजवळ तें नव्हतें. कंपासानें वर्तुळ काढून त्याच्या आंतल्या कडेनें बारीक भोंकांची माळ पाडली, मधला तुकडा हातोडीनें हलकेंच ठोकून काढला आणि कानशीनें गोलाई आणली. ह्या कामांत मुलगी आमच्यापेक्षां धिमी व म्हणून अधिक चांगली निघाली; मापावर कापलेली पुठ्ठ्याची चकती दर दोन मिनिटांनीं घालून ती पाहत होती.

जोडतांना बाजूच्या फळ्या पुढच्या व मागच्या फळीच्या मध्यें येतात. सागवान चिरतें, म्हणून प्रत्येक खिळ्यास आधीं बारीक भोंक पाडून घ्यावें. तळ दोन सूत वर उचलून बसवावा, म्हणजे भिंतीवरून ओघळणारें पाणी त्यांत मुरत नाहीं. आणि त्याच्या चार कोपऱ्यांत दोन-दोन सूत भोंकें पाडावीं, म्हणजे आंत आलेलें पाणी निघून जातें. दर्शनी फळी आठच इंच ठेवल्यामुळें तिच्या व छपराच्या मध्यें तीनएक सुतांची आडवी फट राहते. पहिल्या पेटींत जी नव्हती ती हीच. ती चुकून राहिली असें समजून कोणीं लांबीनें भरून टाकूं नये.

दार हा सर्वांत नाजूक भाग, पण बिजागरी लागत नाहीं. एका बाजूची फळी छपराखालीं सूतभर आंखूड ठेवावी व ती खिळ्यांनीं पक्की करण्याऐवजीं वरच्या अंगास केवळ दोन खिळ्यांवर तोलावी. एक खिळा दर्शनी फळींतून, दुसरा पाठीमागच्या फळींतून. दोन्ही खिळे अगदीं एकाच उंचीवर असले पाहिजेत, नाहीं तर फळी अडते. मग ती खालून बाहेर ओढली कीं झडपेसारखी उघडते. खालीं एक स्क्रू लावून ती बंद ठेवावी. आमचें दार पहिल्या खेपेस उघडेना. एक खिळा दोन सूत खालीं गेला होता. मिस्त्रींनीं तो काढावयास लावला, स्वतः काढला नाहीं.

छपराची मागची कड पाठीमागच्या फळीला जेथें टेकते त्या सांध्यांतून पाणी झिरपतें. तेथें मिस्त्रींनीं मेण वितळवून भरलें. चिमणीच्या घरास मेण लागलें तें एवढेंच. रंग लावावयाचाच नाहीं. बाहेरून जवसाच्या तेलाचा एक हात पुरे, व तो पुरता वाळल्याखेरीज पेटी टांगूं नये. आंतून कांहींही लावूं नये.

पेटीची परीक्षा मात्र दादांच्या सांगण्यावरून केली. आश्विनांतील कडक उन्हांत ती गॅलरीच्या कठड्यावर ठेवून आंत उष्णतामापक घातला, व दर तासानें दार उघडून पारा पाहिला. सावलींत ठेवलेल्या दुसऱ्या उष्णतामापकापेक्षां तो थोडाच वर गेला. त्याच दिवशीं जुन्या पेटीवर पुन्हां पत्रा ठेवून तिच्यांतही पाहावें, असें आमच्या मनांत आलें होतें. परंतु मुलगी तेथें बसली होती, आणि ती पेटी बाहेर काढण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं.

जागेविषयीं थोडें. आपल्याकडे मोसमी पाऊस नैर्ऋत्येकडून येतो व दुपारचें ऊन पश्चिमेकडून, म्हणून पेटीचें तोंड पूर्वेस किंवा उत्तरेस असावें. उंची आठ-दहा फूट. वर सज्जाची सावली असल्यास उत्तम. जवळ मांजरास उडी घेण्याजोगी कपाट, नळ किंवा फांदी नको. फिरत्या पंख्याच्या आसपास तर मुळींच नको. दाणे पेटीजवळ ठेवूं नयेत, त्यानें कबुतरें व कावळे गोळा होतात. पाणी मात्र मातीच्या उथळ परळांत थोड्या अंतरावर ठेवावें, व तें रोज बदलावें. कुंड्यांतील झाडांवर औषध फवारण्याचें आम्हीं बंद केलें. जास्वंदीवर मावा पडला, पानेंही थोडीं कुरतडलीं गेलीं. वहिनींस तें रुचलें नाहीं, परंतु त्यांनीं तें चालवून घेतलें. चिमण्या शेजारानें राहणाऱ्या असल्यामुळें जागा असल्यास दोन-तीन पेट्या चार-चार फुटांवर लावाव्या. आंत अंडीं किंवा पिलें असतांना दार उघडूं नये. दार आहे तें पेटी रिकामी झाल्यावर झाडण्यासाठीं, व आमच्यावर आला तसा प्रसंग आल्यास हात घालण्यासाठीं.

पेटी कार्तिकांत पूर्वेकडील गॅलरींत, स्वयंपाकघराच्या बाहेर लागली. तेथून ती बैठकीच्या खोलींतून दिसत नाहीं. माघ संपेपर्यंत कोणी आलें नाहीं. फाल्गुनांत एक चिमणा आला, दोन दिवस ओरडला आणि निघून गेला. मुलीनें कांहीं विचारलें नाहीं, पण शाळेंतून आल्यावर दप्तर न ठेवतांच ती त्या गॅलरींत जाई. होळीनंतर पुन्हां एक जोडी दिसली. तीच कीं दुसरी, हें कळावयास मार्ग नव्हता. चैत्राच्या अखेरीस आंतून आवाज येऊं लागले, तेव्हां घरांत कोणीं त्याविषयीं मोठ्यानें बोललें नाहीं. दुपारच्या वेळीं आम्हांपैकीं कोणी ना कोणी कांहीं निमित्त काढून तेथें उभें असे. आत्याबाईंनीं तर आपली दुपारची निजच गॅलरीच्या दाराशीं आणली. ऊन चढलें कीं आवाज मंदावे. मग चिमणी अळी घेऊन येई, आणि चिवचिवाट पूर्ववत् सुरू होई.

अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं एक पिलूं भोंकांत येऊन बसलें. चोंचीच्या कडा अजून पिवळ्या होत्या. बराच वेळ बसून तें परत आंत गेलें. दुपारीं पुन्हां आलें, व ह्या वेळीं समोरच्या तारेपर्यंत जाऊन पोंचलें. संध्याकाळपर्यंत चार गेलीं. जुनी वही त्या दिवशीं बाहेर निघाली.

त्याच पेटींत पावसापूर्वीं आणखी एक वेत झालें. पाऊस सरल्यावर, भाद्रपदांत, पेटी पुरती रिकामी आहे अशी खात्री करून आम्हीं तिचा खालचा स्क्रू काढला. घरट्याची गादी चांगली चार बोटें जाड निघाली. वर्तमानपत्रावर ती पसरून मुलीनें एकेक वस्तु निराळी केली : गवत, केरसुणीच्या काड्या, कबुतराचीं पिसें, शिवणयंत्रावरचे दोरे, दादांच्या जुन्या जानव्याचा हातभर तुकडा, आणि मध्यभागीं, अंडीं ठेवण्याच्या जागीं, पांढऱ्या मऊ कापसाचा जाड थर. तो कापूस आत्याबाईंनीं हातांत घेऊन पाहिला. देवघरांतील फुलवातींच्या डबींतून वाती कमी होतात, म्हणून त्या सहा महिने उंदरांवर संशय घेत होत्या व दोनदां पिंजराही लावून झाला होता. त्यांनीं कापूस पुन्हां वर्तमानपत्रावर ठेवला, चष्मा काढून पुसला, आणि उद्यांपासून डबीचें झांकण लावूं नये असें वहिनींस सांगितलें.